पुढे २२५, मागे २५५: चारही टायर एकाच मापाचे टाकले तर काय बिघडतं?

घाटमाथा

गाडी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह. पुढचे टायर २२५/४० आर१९, मागचे २५५/३५ आर१९. रिमच्या आतल्या बाजूला पुढे ८जे ईटी२७ आणि मागे ८.५जे ईटी४० असं कोरलेलं आहे (‘जे’च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी, इंचात). डेप्थ गेजने मोजलेली नक्षी अशी: पुढे सगळीकडे ५ मिमी. मागे बाहेरच्या कडेला ४, मध्ये ३.५ आणि आतल्या कडेला जेमतेम २.

तीन दुकानांत तीन सल्ले मिळाले.

पहिला: चारही २२५ टाका. स्वस्त पडतात आणि पुढचे-मागचे आलटून-पालटून फिरवता येतात.
दुसरा: चारही २५५ टाका, पकड वाढेल.
तिसरा: काही डोकं चालवू नका, मागचे दोन बदला आणि मोकळे व्हा.

माझ्या एक्सड्राइव्हसारख्या ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीत दोनच नवे टायर टाकले तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, खराब होते असंही वाचलं आहे. मुळात कंपनी दोन वेगळी मापं देतेच कशासाठी, आणि या तिघांतला कोणता सल्ला ऐकायचा?

---

रबरी_गणित

तिसरा. पण का ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात वाद घालावा लागणार नाही.

२२५/४० आर१९ मधला २२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे रुंदीच्या ४० टक्के उंचीची बाजूची भिंत. १९ हा रिमचा व्यास, इंचात. टायरचा एकूण व्यास काढायचा तर भिंत दोनदा धरायची (वर आणि खाली) आणि त्यात रिम मिळवायची.

पुढचा: २२५ × ०.४० = ९० मिमी भिंत. दोन्ही मिळून १८०. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी. एकूण ६६२.६ मिमी.
मागचा: २५५ × ०.३५ = ८९.२५. दोन्ही मिळून १७८.५. एकूण ६६१.१ मिमी.

रुंदीत ३० मिमीचा फरक आहे, पण व्यासात फक्त दीड मिमीचा. मागे भिंतीची टक्केवारी ४० वरून ३५ वर आणली आहे ती एवढ्यासाठीच. रुंदी वाढवायची पण चाक मोठं होऊ द्यायचं नाही. दोन मापांच्या गाडीत पहिल्यांदा बघायचा तो व्यास, रुंदी नंतर.

सगळ्या गाड्यांत व्यास सारखाच असतो असं मात्र नाही. ९९२ पिढीची पोर्श ९११ कॅरेरा एस घ्या. पुढे २४५/३५ झेडआर२०, मागे ३०५/३० झेडआर२१. व्यास ६७९.५ आणि ७१६.४, म्हणजे मागचं चाक जवळपास ३७ मिमीने मोठं, ५.४ टक्के. निसान जीटी-आर आर३५ मध्ये २५५/४० आणि २८५/३५, दोन्ही २० इंची: ७१२ आणि ७०७.५, म्हणजे मागचं चाक किंचित लहान. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि चार चाकांना ताकद वाटणारी यंत्रणा त्या-त्या गुणोत्तरावर बसवलेली असते. कंपनीने ५.४ टक्के ठेवलेत तर तुम्हीही ५.४ च्या आसपासच राहायचं. ‘सारखं करून टाकू’ म्हणून सारखं केलंत तर उलट बिघडेल.

---

टॉर्कराव

‘मागे रुंद का’ हा भाग मी घेतो.

टायरवर वजन दुप्पट केलं की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. रबराचा स्वभावच तसा. त्यामुळे ज्या टोकावर वजन जास्त पडतं तिथला टायर पकडीच्या हिशेबात तोट्यात असतो. त्याला रुंदी दिली की तोच भार तो कमी कष्टात पेलतो. ९११ मध्ये इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, म्हणजे उभ्या गाडीचंच साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे. पुढे २४५ आणि मागे ३०५ ही टोकाची तफावत तिथून येते.

एम३४०आय मध्ये वजन जवळपास निम्मं-निम्मं आहे. तिथे मागच्या रुंदीचं कारण ताकद. ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि एक्सड्राइव्ह असली तरी गाडीचा कल मागच्या चाकांकडे. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकतं. त्याच क्षणी मागच्या टायरला गाडी आडवी जाऊ न देणं आणि पुढे ढकलणं, ही दोन्ही कामं एकदम करावी लागतात. पुढच्या टायरकडे तेव्हा मुख्यतः वळवण्याचंच काम असतं.

दुसरं कारण कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. मागे पकड जास्त ठेवली की मर्यादा ओलांडल्यावर आधी पुढचं टोक घसरतं. गाडी वळायला कुरकुरते आणि सरळ जायला बघते. सामान्य चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं आणि गाडी सावरते. मागचं टोक आधी सुटलं तर तोच घाबरून सोडलेला ॲक्सिलरेटर गाडी फिरवून टाकतो.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे टोयोटाची दुसऱ्या पिढीची एमआर२. इंजिन मध्ये, आणि सुरुवातीची मापं पुढे १९५/६० आर१४, मागे २०५/६० आर१४. मागचं टोक अचानक सुटतं म्हणून तिची ख्याती झाली, तीही नको तशी. नंतरच्या सुधारित गाडीत सस्पेन्शन बदललं आणि टायर पुढे १९५/५५ आर१५, मागे २२५/५० आर१५ झाले. पुढची रुंदी होती तिथेच, मागे एकदम २० मिमी वाढ.

त्यामुळे चारही २२५ टाकण्याचा सल्ला म्हणजे तुमची गाडी उलट्या दिशेने नेणं. व्यास जुळतो, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, दुकानदार म्हणतो ‘बघा, काही झालं नाही.’ फरक कळतो तो पावसात, ताम्हिणीच्या वळणावर.

---

पाना_नंबर_१७

चार २२५ ला अजून एक आडकाठी आहे: भार. २२५/४० आर१९ च्या भिंतीवर साधारणपणे ९३वाय असतं आणि २५५/३५ आर१९ वर ९६वाय. ९३ म्हणजे एका टायरला ६५० किलो, ९६ म्हणजे ७१० किलो. मागच्या ॲक्सलची क्षमता १२० किलोने घटली. डिकी भरून, मागे तीन माणसं बसवून निघालात की हेच १२० किलो आठवतील. वाय म्हणजे ताशी ३०० किमीपर्यंतचा वेग. तेवढा पळवणार नाही म्हणून व्ही (२४०) घेतला तर चालेल का, असं विचारणारेही असतात. विम्याचा दावा आणि गाडीची मान्य मापं हा सगळा घोळ बघता, जे अक्षर कंपनीने दिलं आहे त्याच्या खाली उतरू नका.

आता चार २५५. हा सल्ला तर थेट चूकच. २५५/३५ टायरसाठी मान्य रिम ८.५ ते १० इंच रुंदीची. तुमची पुढची रिम ८ इंची. टायर चढेल, हवाही धरेल, पण भिंती आत ओढल्या जाऊन टायर फुग्यासारखा होईल. मधला पट्टा आधी झिजेल आणि स्टिअरिंग ढिलं लागेल. शिवाय ८ इंची रिमवर २५५ साधारण २५० मिमी रुंद बसतो आणि २२५ साधारण २३०. म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१० मिमी जास्त. पूर्ण कट मारून खड्ड्यात चाक गेलं की चाकाच्या कमानीतल्या लायनरला (आतल्या अस्तराला) घासणार.

‘मग मागचीच ८.५ रिम पुढे लावतो’ असा प्रश्न येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. ईटी म्हणजे हबला टेकणारी पाटी रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते. तुमच्या पुढच्या रिमची आतली कड हबपासून १०१.६ + २७ = १२८.६ मिमी आत. मागची रिम तिथे लावली तर १०८ + ४० = १४८. म्हणजे आतली कड १९ मिमी जास्त आत, थेट सस्पेन्शनच्या स्ट्रटच्या दिशेने. बाहेरची कड उलट ६-७ मिमी आत जाते, म्हणजे दिसायलाही गाडी बारीक.

चौरस सेट (चारही सारखे) हवाच असेल तर तो चार सारख्या रिमांनी होतो, नुसत्या टायरांनी नाही. ट्रॅकवर गाडी नेणारे असा सेट ठेवतात, कारण तिथे पुढचं टोक न घसरणं महत्त्वाचं आणि टायर फिरवून वापरता येतात. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

---

कंपाउंड_काका

टॉर्कराव, सगळं पटलं. एक गैरसमज मात्र इथे हमखास शिरतो म्हणून लिहितो: ‘रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं’.

टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं. एका चाकावर ४८० किलो आणि आत २.४ किलो प्रति चौरस सेंमी दाब असेल तर साधारण २०० चौरस सेंमी, टायर २२५ असो की २५५. भिंतीच्या ताठपणामुळे थोडा फरक पडतो, पण मोठा नाही. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा ठसा आखूड आणि आडवा. आडवा ठसा वळणात फायद्याचा, कारण टायर कमी पिळवटून बाजूची पकड लवकर देतो. शिवाय उष्णता जास्त रबरात वाटली जाते, म्हणून थोडं मऊ कंपाउंड (रबराचं मिश्रण) वापरता येतं.

तोटा पाण्यात. आडव्या ठशाला समोरचं पाणी बाजूला फेकायला लांबचा रस्ता असतो, त्यामुळे रुंद टायर लवकर तरंगतो. सरळ जाताना पुढचं चाक पाणी कापून देतं, पण २२५ ने कापलेल्या पट्ट्यातून २५५ चालला की कडेचा भाग कोऱ्या पाण्यातच जातो. घाटमाथा, तुमच्या मागच्या टायरची आतली कड २ मिमीवर आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिमी, पण जूनमध्ये त्या भरवशावर राहू नका. द्रुतगती मार्गावर पाणी साचलेल्या लेनमध्ये १०० च्या वेगाने तो टायर गोटा झाल्यासारखाच वागेल.

---

घाटमाथा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. म्हणजे मागचे दोनच. पण मग ट्रान्सफर केसचं काय? पुढे ५ मिमी आणि मागे नवे टाकल्यावर व्यासात फरक पडणारच ना? आणि आतली कडच का झिजली?

---

रबरी_गणित

व्यासाचा हिशेब करून बघू. नव्या टायरची नक्षी ७.५ मिमी धरू.

आत्ता: पुढचा २.५ मिमी झिजला, म्हणजे व्यास ५ मिमीने कमी, ६५७.६. मागचा सरासरी ३.२ वर, म्हणजे ४.३ झिजला, व्यास ८.६ ने कमी, ६५२.५. फरक ५.१ मिमी, ०.८ टक्के.

मागचे नवे टाकल्यावर: पुढे ६५७.६, मागे ६६१.१. फरक ३.५ मिमी, ०.५ टक्के.

म्हणजे पुढच्या-मागच्या व्यासातला फरक आज आहे त्यापेक्षा दोन नवे टाकल्यावर कमीच राहील. इंटरनेटवरची भीती खोटी नाही, पण ती वेगळ्या परिस्थितीची आहे. एक्सड्राइव्हच्या ट्रान्सफर केसमध्ये तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या असतात. पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे सतत वेगळे पडले की त्या चकत्या एकमेकींवर घसरत राहतात, तेल तापतं आणि हळू वेगात वळताना झटके जाणवू लागतात. तुमचे पुढचे ३ मिमीवर असते तर फरक ७.५ मिमी झाला असता, १.१ टक्के. तिथे मी चारही बदला म्हटलं असतं. फरक एक टक्क्याच्या आत ठेवणं हा माझा नियम. तुमच्या गाडीच्या मालक-पुस्तिकेत याहून कडक आकडा असेल तर तोच पाळा.

हा कागदावरचा व्यास आहे. चालताना टायर दबतो आणि आतला पोलादी पट्टा फारसा बदलत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फेऱ्यांतला फरक याहून थोडा कमीच असतो.

ब्रँड आणि मॉडेल मात्र पुढच्यासारखंच घ्या. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर व्यासात काही मिमीचा फरक सहज निघतो, मग वरचं सगळं गणित वाया. भिंतीवर ताऱ्याची खूण असेल तर तो बीएमडब्ल्यूसाठी बनवलेला प्रकार. पोर्शसाठी एन० किंवा एन१ असतं. त्याच नावाचा, त्याच मापाचा पण बिनखुणेचा टायर आतून वेगळा असू शकतो. एकाच ॲक्सलवर खूणवाला आणि बिनखुणेचा असं जोडपं लावू नका.

---

पाना_नंबर_१७

आतल्या कडेबद्दल.

हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. फक्त आतली कड म्हणजे भूमितीचा दोष. अशा गाड्यांना मागे थोडा निगेटिव्ह कॅम्बर कंपनीच देते, चाकाचा माथा आत झुकलेला असतो, त्यामुळे आतली कड थोडी जास्त झिजणार हे गृहीतच. पण ४ विरुद्ध २ एवढी तफावत नुसत्या कॅम्बरने सहसा येत नाही. टो बिघडला असणार, म्हणजे वरून बघितलं तर चाकं सरळ समोर न बघता आत किंवा बाहेर वळलेली. तळहात टायरवर आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टोच. दोन्हीकडून सारखं आणि नुसता उतार लागला तर कॅम्बर.

अलाइनमेंट करताना क्रम मागून पुढे: आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचा टो. पुष्कळ ठिकाणी ‘पुढचं करून दिलं’ म्हणतात आणि मागे हातच लावत नाहीत. मागचा टो वाकडा ठेवून पुढचा सरळ केला तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील रिपोर्ट मागून घ्या. मागचा टो पट्ट्यात बसतच नसेल तर सस्पेन्शनच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) तपासा. खड्ड्यांनी तेच आधी जातात, आणि बुश गेलेला असताना केलेलं अलाइनमेंट दोन आठवडे टिकतं. नवे टायर टाकायच्या आधी हे सगळं. नंतर केलंत तर नव्या रबराची पहिली कड त्यातच जाईल.

फिरवण्याबद्दल: दोन मापांच्या गाडीत पुढचे मागे जात नाहीत, पण डावे-उजवे जातात. भिंतीवर ‘आउटसाइड’ लिहिलेले असममित टायर असतील तर रिमसकट चाक उचलून दुसऱ्या बाजूला लावा, काही काढावं लागत नाही. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेले असतील तर तसं करता येत नाही. बाणवाले टायर रिमवरून उतरवून एकमेकांच्या रिमवर चढवले तर आतली कड बाहेर येते. झीज सारखी करायला हा चांगला उपाय, पण बसवणं आणि बॅलन्सिंग दोनदा. असममित टायरमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण बाहेरची बाजू बाहेरच राहावी लागते.

---

स्टेपनी_शोधक

दोन मापांच्या गाडीत स्टेपनीचाच प्रश्न येतो. पुढची ठेवायची की मागची? बहुतेक कंपन्या यातून रनफ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, ताठ भिंतींचे टायर) किंवा पंक्चर किट देऊन सुटका करून घेतात. घाटमाथा, तुमचे रनफ्लॅट असतील आणि मागे साधे टाकायचा विचार असेल तर नको. एका टोकाला ताठ भिंती आणि दुसऱ्या टोकाला मऊ, गाडीचा तोल विचित्र होतो. बदलायचे तर चारही एकदम, आणि डिकीत कॉम्प्रेसर व प्लग किट ठेवून. प्लग फक्त नक्षीच्या भागात, खांद्याला किंवा भिंतीला कधीच नाही.

---

टॉर्कराव

राहिलेलं एक: ‘रुंद नेहमी मागे’ हाही नियम नाही. २०२१ ची ऑडी आरएस३ बघा. पुढे २६५/३० आर१९, मागे २४५/३५ आर१९. आडवं पाच सिलिंडरचं इंजिन नाकात, वजन पुढे, त्यामुळे गाडीचा मूळ स्वभाव न वळण्याचा. तो मोडायला पुढे रुंद दिले. व्यास ६४१.६ आणि ६५४.१. एखाद्याने ‘उलटे बसलेत’ म्हणून पुढचे मागे केले तर व्यासांचं गुणोत्तर दोन टक्क्यांनी एका बाजूला होतं ते सरळ दोन टक्क्यांनी दुसऱ्या बाजूला जाईल.

---

घाटमाथा

हात फिरवून बघितला. आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आत करवत. दोन्ही मागच्या चाकांना, डाव्याला जास्त. म्हणजे टो. अलाइनमेंट आधी, टायर नंतर. हवा किती ठेवायची?

---

पाना_नंबर_१७

चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढचे-मागचे आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे दिले आहेत. तेच ठेवा. पंपावर ‘चारों में पैंतीस’ म्हणू नका, पुढचा आणि मागचा आकडा वेगळा सांगा. गाडी तीन तास उभी असताना मोजायचं. हवामानात १० अंशांचा फरक पडला की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे मेच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी चार-पाच पीएसआयने कमी दिसेल, तेव्हा पुन्हा भरा. टायर बदलल्यावर स्क्रीनच्या मेनूतून प्रेशर मॉनिटर रीसेट करा.

टायर घेताना भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. जून २०२० पासून टायर आयातीला परवाना लागतो, म्हणून १९ इंची २५५/३५ कधीकधी दुकानात असतो तो जुनाच. दोन्ही टायर एकाच सुमाराचे आणि दीड-दोन वर्षांपेक्षा जुने नसलेले मागा. ऑर्डर देऊन पंधरा दिवस थांबावं लागलं तरी थांबा, पण तोपर्यंत त्या २ मिमीच्या कडेवर पावसात वेग आवरून.